तानाजी कोणाचा? एका वाचणाऱ्या मुलीच्या निमित्ताने

हरिभाऊ आपट्यांची ‘गड आला पण सिंह गेला’ ही कादंबरी १९०३च्या सुमारास वाचकांपुढे आली. तिला आता सव्वाशे वर्षं होत आली. हरिभाऊंनी ती खास मुलांसाठी लिहिली नव्हती. १८९०पासून ते पुण्याहून ‘करमणूक’ हे पत्र काढत, त्याचा वाचक म्हणजे घरातली मोठी माणसं. पण आटोपशीर आकार, एकच गड, एकच रात्र आणि शेवटी डोळ्यांत पाणी आणणारा विजय, यामुळे मुलांनी ती आपल्याकडे ओढून घेतली. १९२३ साली बाबूराव पेंटरांनी तिच्यावरून ‘सिंहगड’ हा मूकपट काढला. त्यात शेलारमामा झाले होते तरुण व्ही. शांताराम. पुढे किशोर आवृत्त्या निघाल्या, शाळेत धडे आले, स्नेहसंमेलनात नाटुकली झाली. मराठी मुलखात वाढलेल्या मुलाने कादंबरी वाचलेली नसली तरी तिचं नाव त्याला म्हणीसारखं पाठ असतं.

मी भंडारा जिल्ह्यात उर्दू आणि मराठी शिकवतो. आमच्या सातवीतल्या एका मुलीने ही कादंबरी वाचली, तेव्हा जे काही घडलं त्यावरून हा लेख लिहावासा वाटला. मुलगी उर्दू माध्यमाची आहे. मराठी तिची शाळेतली भाषा, घरातली नव्हे. वाचनालयाच्या तासाला तिने कपाटातून किशोर आवृत्ती काढली ती चित्र पाहून. चार दिवसांत पुस्तक संपलं.

नंतर कळलं की ती एकटी वाचतच नव्हती. तिची अम्मी आणि शेजारच्या दोन बाया दुपारी ओसरीवर विड्या वळतात. मांडीवर सूप, सुपात तेंदूपत्ता आणि तंबाखू. ही मुलगी समोर बसून एकेक पान मराठीत वाचायची आणि लगेच आपल्या बोलीत सांगायची. मावळे अर्ध्या कड्यावर असताना अजान झाली, म्हणून ती थांबली. नमाज झाल्यावर अम्मीनेच विचारलं, “हां, फिर? ऊपर पहुंचे के नहीं?”

पुस्तकाला याहून मोठं बक्षीस कोणतं असतं? गड चढेपर्यंत त्या ओसरीवरचं प्रत्येक माणूस तानाजीच्या बाजूने होतं. कोणी तसं ठरवलं नव्हतं. गोष्टच तशी बांधलेली आहे.

किल्लेदार, शिलेदार, बुरूज

मला वाटलं होतं, जुनी मराठी तिला जड जाईल. झालं उलटंच. वर्गातल्या चांगल्या मराठी बोलणाऱ्या मुलांना जे शब्द अडायचे, ते तिला आपोआप कळत होते. किल्लेदार म्हणजे काय हे तिला सांगावं लागलं नाही, कारण क़िला तिच्या पुस्तकात आहे. शिलेदारातला ‘शिले’ म्हणजे सिलाह, हत्यार. सरनोबत म्हणजे सर-ए-नौबत. फौज, बुरूज, मशाल, मुजरा, खलिता, फितुरी, शिकस्त हे सगळे तिचे ओळखीचे पाहुणे, फक्त मराठी पोशाख घालून आलेले. “सर, ये तो आधी उर्दू है,” ती म्हणाली. मी म्हटलं, “बेटा, आधी उर्दू नाही, पूर्ण मराठी आहे. मराठीने हे शब्द चारशे वर्षांपूर्वीच आपले करून घेतलेत.”

हे शब्द कुठून आले? बहमनी, निजामशाही, आदिलशाही या दख्खनच्या राजवटींच्या दफ्तरांतून. शहाजीराजे त्याच दरबारांत वाढले. शहाजी आणि शरीफजी ही दोन्ही भावांची नावं अहमदनगरच्या शाह शरीफ या सुफी संतावरून ठेवल्याचं शिवरायांचा दरबारी कवी परमानंद याच्या ‘शिवभारता’तच आलं आहे. स्वराज्याच्या कारभारात फारसी शब्द इतके होते की राज्याभिषेकानंतर महाराजांनी संस्कृत पर्याय देणारा ‘राज्यव्यवहारकोश’ करवून घेतला. त्यात चौदाशेच्या आसपास शब्द आहेत. ही गोष्ट दोन्ही बाजूंनी खरी आहे. महाराजांना राज्याची भाषा बदलायची होती, हे खरं. आणि बदलावी लागेल इतकी ती भाषा हाडामांसात भिनली होती, हेही खरं. कोश झाला, तरी शिलेदार शिलेदारच राहिला.

घोरपड आणि उदेभान

पुस्तक संपल्यावर मुलीने दोन प्रश्न आणले.

पहिला प्रश्न यशवंती घोरपडीचा. आमच्याकडे धानाच्या बांधीत, धुऱ्यावर घोरपड दिसते. पोरांनी ती पाहिलेली असते. त्यामुळे पुण्या-मुंबईचं मूल जे सहज मान्य करतं, तिथे आमचं मूल अडतं. “सर, घोरपड दोर घेऊन चढेल, पण माणसाचं वजन कसं पेलेल? ती तर बिळात पळते.”

प्रश्न अगदी बरोबर आहे. घोरपड लोकांच्या मनात घट्ट बसली ती शाहीर तुलसीदासाच्या पोवाड्यामुळे. महाराजांच्या पदरी राहिलेला कृष्णाजी अनंत सभासद याने सतराव्या शतकाच्या अखेरीस जिंजीला बसून बखर लिहिली. त्यात घोरपड नाही. निवडक मावळे माकडासारखे कडा चढून गेले आणि वर जाऊन त्यांनी बाकीच्यांसाठी सोय केली, एवढंच तो सांगतो. मला विचाराल तर हे जास्त थरारक आहे. माघातली काळोखी रात्र, हाताला लागेल ती कपार आणि खाली खोल दरी. ४ फेब्रुवारी १६७०ची ती रात्र. शाहिराला मात्र हजार माणसांच्या गर्दीपुढे उभं राहून डफावर हे सांगायचं होतं, म्हणून त्याने घोरपड आणली. आमच्याकडच्या मंडईत खडी गंमत पाहिलेल्या माणसाला हे समजावून सांगायला नको. शाहीर खोटं बोलत नसतो, तो रंगवत असतो.

दुसरा प्रश्न जड होता. तिने आवाज खाली करून विचारला. “सर, उदयभानू मुसलमान होता ना?”

ती २०२०चा ‘तान्हाजी’ सिनेमा मोबाईलवर पाहून बसली होती. त्यातला काळ्या कपड्यांतला, क्रूर हसणारा किल्लेदार तिच्या डोळ्यांपुढे होता. वर्गातल्या बहुतेक मुलांची समजूत तीच होती. हिंदू मुलं ती बेफिकिरीने बोलून दाखवायची, आमची मुलं मान खाली घालून.

सभासद त्याला उदेभान म्हणतो आणि राजपूत म्हणतो. १६६५च्या पुरंदरच्या तहात महाराजांना २३ किल्ले द्यावे लागले, त्यांत कोंढाणा होता. तो तह करून घेणारा मोगल सेनापती म्हणजे आमेरचा मिर्झाराजा जयसिंग. गडावर तानाजीशी लढताना जी माणसं पडली, त्यांत राजपूत मोठ्या संख्येने होते. कादंबरीत उदयभानूने धरून आणलेली कमलकुमारी येते, तिच्या सुटकेची टांगती तलवार येते. ती हरिभाऊंची कल्पना. सभासदाकडे कमलकुमारी नाही. त्याच्याकडे एक शूर किल्लेदार आहे, जो लढता लढता तानाजीच्या हातून मेला आणि ज्याच्या हातून तानाजी मेला.

आता दुसरी बाजू पाहा. महाराजांच्या पायदळाचा सरनोबत नूर बेग होता. आरमारावर दौलतखान होता. काझी हैदर त्यांचा चिटणीस-वकील होता आणि पुढे तो औरंगजेबाकडे गेला. उलट महाराजांचा घोडदळाचा सरनोबत नेताजी पालकर मोगलांच्या हाती लागून मुहम्मद कुली खान झाला, काबूलच्या मोहिमेवर गेला आणि १६७६ साली परत महाराजांकडे आला. कोण कोणाच्या बाजूला उभं होतं, हे नावावरून ओळखता येत नाही.

पण इथे एक इशारा मी आपल्याच लोकांना देतो. हे सांगताना धर्म तिथे कुठेच नव्हता, असं म्हणू नये. १६६९ साली काशीचं मंदिर पडलं, ते कोंढाण्याच्या लढाईच्या काही महिने आधी. १६७९ साली जिझिया पुन्हा लागला. हे झाकून ठेवणारा मुसलमान शिक्षक आपल्या विद्यार्थ्यांना अर्धाच इतिहास देतो. तसंच आग्र्याहून सुटकेच्या वेळी पलंगावर झोपून राहिलेला मदारी मेहतर. आमच्या भाषणांत तो हमखास येतो. गोष्ट गोड आहे, पण त्या काळच्या कागदपत्रांचा तिला आधार नाही. घोरपडीला जो नियम लावला, तोच मदारीला लावायला हवा. आपल्याला आपलेपणा सिद्ध करायला दंतकथेची गरज नाही. नूर बेग आणि दौलतखान पुरेसे आहेत.

पुण्यातले हरिभाऊ, लखनऊचे शरर

या मुलीच्या निमित्ताने मला एक जुनी गोष्ट आठवली, जी मराठीच्या पुस्तकात नसते आणि उर्दूच्या पुस्तकातही नसते. कारण ती दोन्हींच्या मध्ये पडते.

हरिभाऊंचा जन्म १८६४चा. उर्दूतली ऐतिहासिक कादंबरी ज्यांनी उभी केली ते मौलवी अब्दुल हलीम शरर १८६०चे. एक पुण्यात, दुसरे लखनऊला. दोघांनीही इंग्रजी वाचली आणि दोघांच्याही हाती सर वॉल्टर स्कॉट पडला. दोघांनीही आपापलं पत्र काढलं आणि त्यातून कादंबऱ्या हप्त्याहप्त्याने छापल्या. शररांचं ‘दिलगुदाज़’ १८८७चं, हरिभाऊंचं ‘करमणूक’ १८९०चं.

शररांबद्दल सांगतात की त्यांनी रेल्वेच्या प्रवासात स्कॉटची ‘द टॅलिसमन’ वाचली. ती क्रूसेडच्या युद्धांवरची आहे. तिच्यातलं मुसलमानांचं चित्र त्यांना खटकलं. त्यांनी उत्तर म्हणून १८८८ साली ‘मलिकुल अज़ीज़ वर्जिना’ लिहिली. त्याच युद्धावर, पण नायक सलाहुद्दीनचा मुलगा. हरिभाऊंची पहिली ऐतिहासिक कादंबरी तर आणखी मजेची. तिचं नाव ‘म्हैसूरचा वाघ’, म्हणजे टिपू सुलतान. मेडोज टेलर या इंग्रजाने १८४० साली लिहिलेल्या टिपूवरच्या कादंबरीवर ती बेतलेली होती. इंग्रजाच्या चष्म्यातून आलेला टिपू हरिभाऊंना पुढे नेता आला नसावा. मग त्यांनी आपल्या मातीतले विषय घेतले. ‘उषःकाल’ आली, ‘गड आला’ आली. आयुष्याच्या शेवटाकडे त्यांनी विजयनगरच्या पाडावावर ‘वज्राघात’ लिहिली. तिच्यात रामराजाची प्रिया मेहरजान आणि तिचा मुलगा रणमस्तखान यांचं दुःख त्यांनी ज्या मायेने रंगवलं आहे, ते वाचून हरिभाऊंना एका रंगाचा लेखक म्हणण्याचं धाडस कोणी करणार नाही.

दोघांचं दुखणं एकच होतं. राज्य गेलेलं, शाळेत इंग्रजांचा इतिहास आणि आपल्याकडे शूर माणसं नव्हती का हा मनातला सल. औषधही एकच, स्कॉटच्या साच्यातली गोष्ट. फरक कुठे पडला? हरिभाऊंच्या नायकांचे डोंगर पुण्याच्या खिडकीतून दिसत होते. शररांचे नायक शाम, उंदुलुस, अलमूतच्या वाटेला गेले. पुढे नसीम हिजाज़ींनी तीच वाट आणखी रुंद केली. माझ्या पिढीतल्या उर्दू शिकलेल्या मुलांनी ‘मुहम्मद बिन क़ासिम’, ‘आख़री चट्टान’, ‘और तलवार टूट गई’ या कादंबऱ्या उशीखाली ठेवून वाचल्या आहेत. मीही वाचल्या. रात्री घोड्यांच्या टापा ऐकू यायच्या.

त्या कादंबऱ्यांतही बाजू ठरलेल्या असतात. सिंधचा राजा दाहिर तिथे तसाच काळा, जसा सिनेमात उदयभानू. पण ‘चचनामा’ उघडून पाहा. दाहिरच्या पदरी अल्लाफी अरब होते. म्हणजे मुहम्मद बिन क़ासिमच्या समोरच्या राजाने अरब मुसलमानांना आश्रय दिला होता आणि त्यांनी त्याची चाकरी केली होती. कोंढाण्यावर राजपूत मोगलांसाठी लढत होता, त्याच्या साडेनऊशे वर्षं आधी सिंधमध्ये अरब दाहिरच्या पदरी होते. कादंबरीकाराला दोन रंग लागतात. इतिहासाच्या कागदांत रंग मिसळलेले असतात.

खुद्द कोंढाण्याचंच घ्या. या गडाच्या वेढ्याचं जुनं वर्णन फारसीत आहे. मुहम्मद तुघलकाने तो वेढला, तेव्हा नाग नायक नावाच्या कोळी सरदाराने आठ महिने गड झुंजवला. ही हकिकत आपल्यापर्यंत पोचवली ती बहमनी सुलतानाच्या आश्रयाला असलेल्या इसामी या कवीने, १३५०च्या ‘फ़ुतूहुस्सलातीन’ या काव्यात. कोंढाण्याचा पहिला वीर एका मुसलमान शायराच्या कागदावर जिवंत राहिला आहे.

“कोई पूछेगा तो क्या बोलेगी?”

शिवजयंतीच्या वक्तृत्व स्पर्धेत या मुलीला तानाजीवर बोलायचं होतं. नाव दिल्यावर तिचे अब्बा शाळेत आले. धानाच्या मंडीत हमाली करणारा, कमी बोलणारा माणूस. मी चहा मागवला. बराच वेळ कपाकडे पाहून ते म्हणाले, “सर, पढ़ने को मना नहीं है। पर कल कोई पूछेगा, तेरा इनसे क्या लेना-देना, तो बच्ची क्या बोलेगी?”

या वाक्याला घाबट म्हणून हसू नका. यात अनुभव आहे. आणि प्रश्न दोन्हीकडून येतो. घरातलं कोणी विचारतं, आपल्या बुज़ुर्गांची पुस्तकं संपली का? बाहेरचं कोणी विचारतं, हे तर आमचे, तू कशाला? दोघांचं म्हणणं एकच असतं. गोष्टीला दारावर पहारेकरी हवा.

मी त्यांना सांगितलं, “भाई, तिने गड चढताना श्वास रोखला ना? दोर कापल्यावर मागे वळलेली माणसं पुन्हा लढायला फिरली, तेव्हा तिला आनंद झाला ना? मग तिचं देणं-घेणं झालं. ज्याने गोष्ट जीव लावून वाचली, गोष्ट त्याची.” आणि मग नूर बेग, दौलतखान, राजपूत उदेभान, सगळं सांगितलं. ते म्हणाले, “ये सब हमको किसी ने नहीं बताया।” मग मुलीचं नाव यादीत राहिलं.

स्पर्धेत ती तानाजीवर कमी आणि शेलारमामावर जास्त बोलली. ऐंशी वर्षांचा म्हातारा तलवार घेऊन उभा राहतो, हे तिला सगळ्यात आवडलं होतं, कारण तिचे नाना अजून कौलांवर चढून पावसाळ्याआधी छप्पर शाकारतात. नंबर आला नाही. खाली उतरल्यावर दुसऱ्या शाळेच्या एका मुलाने तिला विचारलंच, “तू तर त्यांच्यातली ना?” तिने सांगितलं, “उदेभान राजपूत होता. सभासद वाच.” मुलगा गप्प झाला. मग त्याने विचारलं, “सभासद कुठे मिळते?” मला तो प्रश्न कोणत्याही बक्षिसाहून मोलाचा वाटला.

आंबागड

मुलीला आता गड पाहायचा आहे. सिंहगड इथून फार लांब. पण तुमसरजवळ सातपुड्याच्या पायथ्याशी आंबागड आहे. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाह, ज्याने इस्लाम स्वीकारला आणि नागपूर शहर वसवलं, त्याच्या राजाखान पठाण या सरदाराने १७००च्या सुमारास तो बांधला. पुढे तो नागपूरच्या भोसल्यांकडे गेला आणि त्यांनी तिथे तुरुंग केला. गोंड राजा, पठाण सरदार, मराठा मालक. एका गडावर आपल्या जिल्ह्याचा सगळा इतिहास बसला आहे, आणि त्यावर मुलांनी उशीखाली ठेवावी अशी एकही कादंबरी मला ठाऊक नाही. मराठीत नाही, उर्दूतही नाही.

इथेच आपलं खरं काम आहे. मुलांच्या हातून हरिभाऊ काढून घेऊ नका, हिजाज़ीही काढून घेऊ नका. मुलांना रात्रभर गड चढू द्या. गोष्ट संपली की मात्र शेजारी बसा आणि कागदात काय आहे ते सांगा, आपल्याला आवडतं ते आणि आवडत नाही तेही. मजा आधी, चिकित्सा नंतर. उलट केलं तर दोन्ही जातात.

आणि कोणाच्या हातात लेखणी असेल, तर आंबागडाच्या पायऱ्या अजून तिथेच आहेत. त्या चढणारं पात्र लिहायचं बाकी आहे. वाचायला ओसरीवर बसलेले वाचक तयार आहेत.